‘सगळं चांगलं आहे’ म्हणणारा रुग्ण नेमकं काय सांगत असतो?

काही वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने एका सरकारी रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात आठ दिवस काढावे लागले. शेजारच्या खाटेवर साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर शेतमजुरी केलेल्या एक आजी होत्या. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती आणि ती रोज धुऊन पट्टी बदलायची होती. त्या आठ दिवसांत पट्टी पाच वेळा बदलली गेली. दोनदा वॉर्डातले गॉज संपले, म्हणून नातवाच्या हातात चिठ्ठी देऊन ते समोरच्या मेडिकलमधून विकत आणायला सांगितले. चादर एकदाच बदलली. आणि पाय वाचेल की कापावा लागेल, या आजींची झोप उडवणाऱ्या प्रश्नावर त्यांच्याशी बसून कोणीही बोलले नाही. समोरच्या खाटेवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या एक शिक्षिका होत्या. राउंडला आलेले डॉक्टर त्यांच्यापाशी थांबत, त्यांच्या शंकांची उत्तरे देत, आणि त्यांचे ड्रेसिंग एकदाही चुकले नाही.

घरी जाण्याच्या दिवशी नर्सिंगची एक विद्यार्थिनी अभिप्रायाचा कागद घेऊन आली. तिने आजींना विचारले, ‘आजी, इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात ना?’ आजी म्हणाल्या, ‘चांगलं केलं गं बाई समद्यांनी. देव तुमचं भलं करो.’ मुलीने ‘अत्यंत समाधानी’ या चौकटीत खूण केली आणि आजींचा अंगठा घेतला. शिक्षिकाबाईंनी कागद स्वतःच्या हाताने भरला आणि ‘असमाधानी’वर खूण केली, कारण स्वच्छतागृह अस्वच्छ होते आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट एक दिवस उशिरा मिळाला होता. दोघींचेही म्हणणे खरे होते. पण महिनाअखेरीस हे कागद मोजणाऱ्या माणसाला त्यांतून एवढेच दिसणार होते की, एका रुग्णाला उत्तम सेवा मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही.

रुग्णांच्या समाधानाची मोजणी आता जगभर होते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात रुग्णालयातून गेलेल्या रुग्णाला मोबाइलवर संदेश किंवा फोन करून अभिप्राय विचारला जातो. सरकारी रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांमध्येही रुग्णांचे समाधान नियमितपणे मोजण्याची अट आहे. अमेरिकेत तर रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशाचा काही भाग या गुणांवर ठरतो. एवढे वजन ज्या आकड्याला दिले जाते, तो कसा घडतो आणि त्यात रुग्णाचे वय, शिक्षण, जात, भाषा, गरिबी या गोष्टी कुठून कशा शिरतात, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे. तसे केले नाही तर ज्यांना सर्वांत कमी मिळते त्यांचीच उत्तरे ‘सगळे ठीक चालले आहे’ याचा पुरावा म्हणून वापरली जातात, आणि हा मला त्या आजींवर झालेला दुसरा अन्याय वाटतो.

सुरुवात ‘समाधान’ या शब्दापासूनच करायला हवी. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, तसे समाधान रुग्णालयात किती आहे हे सांगणारे उपकरण नाही. माणूस मनात एक अपेक्षा घेऊन येतो, त्याला प्रत्यक्षात काहीतरी मिळते, आणि या दोहोंतल्या अंतराला तो समाधान किंवा असमाधान म्हणतो. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा पद्धतशीर विचार करणारे डॉक्टर अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये गुणवत्तेकडे पाहण्याच्या तीन जागा सांगितल्या: इमारत, माणसे, यंत्रे ही साधने, प्रत्यक्ष उपचार कसे झाले ही प्रक्रिया, आणि शेवटी रुग्णाचे काय झाले हा परिणाम. आजींच्या बाबतीत साधने अपुरी होती, प्रक्रिया अर्धवट होती आणि परिणाम अजून अनिश्चित होता. तरी त्यांची अपेक्षा इतकी खाली होती की, खाट मिळाली, सलाइन लागले आणि कोणी हाकलून दिले नाही, एवढ्यावरच ती पूर्ण होऊन वर उरली. शिक्षिकाबाईंची अपेक्षा वेगळ्या आयुष्यातून आली होती.

या विषयावर अभ्यासांचा डोंगर आहे. ज्युडिथ हॉल आणि मायकेल डॉर्नन या अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून रुग्णांची सामाजिक पार्श्वभूमी आणि त्यांचे समाधान यांचा संबंध तपासला. त्यात दोन गोष्टी सर्वांत ठळकपणे दिसल्या: वय जास्त तसे समाधान जास्त, आणि शिक्षण कमी तसे समाधान जास्त. विवाहित आणि वरच्या सामाजिक स्तरातील रुग्ण किंचित अधिक समाधानी आढळले, तर लिंग, वंश, उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार यांचा एकूणात ठरावीक दिशेचा संबंध सापडला नाही. हे सगळेच संबंध तसे क्षीण होते, म्हणजे केवळ वय आणि शिक्षण सांगून एखादा रुग्ण समाधानी असेल की नाही हे ओळखता येत नाही. तरीही दोन रुग्णालयांची तुलना करायची वेळ येते तेव्हा हेच बारीक फरक हजारो रुग्णांवर साचत जातात आणि निकाल फिरवू शकतात.

उत्पन्नाचा ठरावीक संबंध सापडला नाही, हे वाचून गरिबीचा प्रश्नच मिटला असे कोणी समजू नये. गरीब माणूस अपेक्षा कमी ठेवतो म्हणून समाधान वर जाते, आणि त्याला वागणूक वाईट मिळते म्हणून समाधान खाली येते. हे दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध वाहत असतील तर बेरीज शून्याच्या आसपास येणारच. शून्य दिसले म्हणजे काही घडलेच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. एकाच आकड्यात दोन उलट गोष्टी लपून बसतात, ही या विषयातली खरी अडचण आहे.

अपेक्षा खाली जाते म्हणजे काय होते, याचे मला माहीत असलेले सर्वांत विदारक उदाहरण बंगालमधले आहे. बंगालच्या महादुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेने जवळच्या सिंगूर भागात लोकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारले. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. विधवा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के होते. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे ज्याला माहीत आहे तो या आकड्यांवरून विधवा विधुरांपेक्षा निरोगी होत्या असे म्हणणार नाही. आपल्या दुखण्याला दुखणे म्हणण्याचा अधिकारच त्यांना कोणी शिकवला नव्हता. अमर्त्य सेन यांनी या सर्वेक्षणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका छोट्या लेखात केरळ आणि बिहारची तुलना करून हाच मुद्दा पुन्हा मांडला. साक्षरता आणि आयुर्मान यांत देशात पुढे असलेल्या केरळमध्ये ‘मी आजारी आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक होते, तर आयुर्मान कमी असलेल्या बिहारमध्ये ते सर्वांत कमी होते. दवाखाना जवळ असेल, शिक्षण असेल आणि आजूबाजूच्या लोकांना बरे होताना पाहिलेले असेल, तेव्हाच माणूस आपल्या त्रासाला नाव देतो. आजाराबद्दल हे जितके खरे आहे, तितकेच आजारावरील उपचारांबद्दलच्या तक्रारीलाही लागू पडते.

अपेक्षेबरोबर दुसरी एक गोष्ट काम करते, आणि ती आपल्या वॉर्डांमध्ये रोज ऐकू येते. ‘त्या सिस्टर तरी काय करतील, एवढे पेशंट आणि त्या दोघीच.’ ब्रिटनमधील ब्रायन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रुग्णांशी सविस्तर बोलून नेमके हेच पकडले. रुग्णांना वाईट अनुभव आलेले होते, पण प्रश्नावलीत तक्रार उमटत नव्हती, कारण रुग्ण आधी मनातल्या मनात दोन प्रश्न सोडवत होते: हे करणे त्यांचे कर्तव्य होते का? आणि नसेल झाले, तर दोष खरोखर त्यांचाच होता का? दोष परिस्थितीचा आहे असे वाटले की रुग्ण माफ करतो आणि ‘समाधानी’वर खूण करतो. हा मोठेपणा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण रुग्णाने परिचारिकेला केलेली ही माफी कागदावर उतरताना रुग्णालयाच्या, खात्याच्या आणि रिकाम्या पदांच्या नावावर जमा होते.

तिसरी गोष्ट आहे भीती, किंवा निदान सावधपणा. ज्याला याच दवाखान्यात पुन्हा यायचे आहे, ज्याच्या जवळपास दुसरा दवाखाना नाही आणि असला तरी तिथले बिल झेपणारे नाही, तो तिथल्या माणसाच्या तोंडावर वाईट कशाला बोलेल? मादागास्करमध्ये दवाखान्याच्या दारात घेतलेली उत्तरे आणि लोकांच्या घरी जाऊन घेतलेली उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा दवाखान्यातली उत्तरे अधिक गोड निघाली. नायजेरियातील एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, रुग्णांना एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारली गेली: काहींपुढे ‘कर्मचारी आदराने वागले’ अशा धाटणीचे सुलटे विधान ठेवले, काहींपुढे त्याचे उलटे रूप. केवळ वाक्य सुलटे ठेवल्यामुळे समाधान काही बाबतींत १९ टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसले. त्या विद्यार्थिनीच्या ‘समाधानी आहात ना?’ या प्रश्नातील ‘ना’ आता पुन्हा ऐकून पाहा. तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण मराठीत ‘ना’ लावून विचारलेल्या प्रश्नाला वडीलधारी बाई ‘नाही’ म्हणून उत्तर देत नसते. त्यातून विचारणारी मुलगी रुग्णालयाच्या गणवेशात, आणि आजी खाटेवर, डिस्चार्जच्या कागदाची वाट पाहत.

इथवर वाचून असे वाटेल की दुर्बल समाजगटांतील रुग्ण नेहमी समाधानच सांगतात आणि ते नेहमी फसवे असते. तसे नाही. अनेकदा ते असमाधान सांगतात, आणि त्यामागे ठोस कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालच्या आपल्या अहवालात आरोग्यव्यवस्था लोकांशी कशी वागते हे मोजण्यासाठी काही कसोट्या ठरवल्या. त्यांत वेळेवर लक्ष देणे आणि प्राथमिक सोयी यांच्याबरोबर प्रतिष्ठा, गोपनीयता आणि रुग्णाचा स्वतःच्या उपचारांतील सहभाग यांना स्थान होते. आपल्याकडे प्रतिष्ठेची कसोटी लावायला मोठ्या प्रश्नावलीची गरज नाही, ओपीडीच्या खिडकीजवळ दहा मिनिटे उभे राहिले तरी पुरते. कोणाला ‘या, बसा, काय होतंय?’ असे विचारले जाते आणि कोणाला ‘ए म्हातारे, केसपेपर कुठाय तुझा?’ असे, हे तिथे कानावर पडते. इंग्रजीत तयार झालेल्या प्रश्नावलीला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक दिसत नाही. मराठी रुग्णाला मात्र तो औषधाच्या आधी कळतो.

मुंबईतील ‘सेहत’ या संस्थेने शहरातील दवाखान्यांमध्ये मुस्लिम स्त्रियांना येणाऱ्या अनुभवांचा अभ्यास केला, तेव्हा बुरखा, मुलांची संख्या, भाषा यांवरून ऐकाव्या लागणाऱ्या शेऱ्यांबद्दल स्त्रिया बोलल्या. गुजरात आणि राजस्थानातील गावांमध्ये दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेबद्दल संघमित्रा आचार्य यांनी केलेल्या अभ्यासात, तपासताना स्पर्श टाळणे आणि औषध हातात न देता ठेवून देणे अशा वागणुकीची नोंद आहे. अशा ठिकाणी ‘औषध मिळाले का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येईल. औषध कसे मिळाले, हे विचारल्याशिवाय काहीच कळणार नाही.

प्रसूतीच्या खोलीत तर दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहतात. कळांनी ओरडणाऱ्या बाईला तिथे जे ऐकवले जाते, ते अनेक जणींनी घरी येऊन आईला किंवा बहिणीला सांगितलेले असते. पण बाळ सुखरूप झाले की दवाखान्याबद्दल विचारणाऱ्याला त्याच बाई ‘चांगलं झालं सगळं’ असे सांगतात, कारण त्या क्षणी त्यांच्यासाठी ‘सगळं’ म्हणजे ते बाळ असते. केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रसूतिगृहांच्या तांत्रिक दर्जाबरोबर बाईला मिळणाऱ्या सन्मानाच्या वागणुकीचाही समावेश केला. शेवट गोड झाला म्हणून मधले सगळे माफ होत नाही, हे त्यामुळे निदान धोरणात मान्य झाले.

पार्श्वभूमी केवळ उत्तरात शिरते असे नाही. रुग्णालय कोणासाठी आणि कोणाच्या कल्पनेनुसार बांधले गेले, यातही ती असते. याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी रुग्ण दवाखान्यात यायला का कचरतात, याचे उत्तर स्वतः ठरवण्याऐवजी त्यांनी ते गोंड आदिवासींना विचारले. जी कारणे पुढे आली ती कोणत्याही छापील प्रश्नावलीच्या पर्यायांत सापडली नसती. मोठ्या इमारतींत चुकायला होते. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढरे कापड आपण मेलेल्या माणसाला गुंडाळतो. रुग्णाला एकट्याला ठेवून नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि दवाखान्यात देव नसतो. या माणसांना कोणी ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असे विचारले असते, तर ते काय सांगणार होते? ते दवाखान्यात पोहोचलेच नव्हते. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातील दवाखाना मग आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या रचनेचा बांधला गेला. तिथे नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येते, तिथे दंतेश्वरी देवीचे देऊळ आहे, आणि दवाखान्याचे नावही तिच्याच नावावरून ‘माँ दंतेश्वरी’ असे आहे. रुग्णाच्या पार्श्वभूमीला उत्तरातील दोष समजून आकड्यातून वगळण्याऐवजी तिला दवाखान्याच्या नकाशातच जागा देण्याचे हे काम मला या सगळ्या विषयात फार मोलाचे वाटते.

आकड्यातून वगळणे म्हणजे काय, हेही नीट पाहू, कारण ती पद्धत उपयोगाची आहे आणि धोक्याचीही. कल्पना करा की दोन रुग्णालयांत प्रत्येकी १०० रुग्ण आहेत आणि दोन्हीकडे सेवा तंतोतंत सारखी आहे. दोन्हीकडे वृद्धांपैकी ८० टक्के आणि तरुणांपैकी ६० टक्के रुग्ण ‘समाधानी’ म्हणतात. पहिल्या रुग्णालयात ८० वृद्ध आणि २० तरुण आहेत, दुसऱ्यात नेमके उलटे. पहिल्याचे समाधान ७६ टक्के निघते, दुसऱ्याचे ६४. सेवा सारखी असूनही बारा गुणांचा फरक पडला, कारण माणसे वेगळी होती. म्हणून संख्याशास्त्रज्ञ म्हणतात की, दोन्हीकडे निम्मे वृद्ध आणि निम्मे तरुण आहेत असे धरून हिशोब पुन्हा करा. मग दोन्हींचे उत्तर ७० येते आणि तुलना न्याय्य होते.

अमेरिकेत २००६ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या ‘एचकॅप्स’ या रुग्ण-सर्वेक्षणात असाच हिशोब केला जातो. रुग्ण घरी गेल्यानंतर, ४८ तास ते सहा आठवड्यांच्या काळात, त्याला प्रश्न विचारले जातात. निकाल २००८ पासून जाहीर होतात आणि २०१२ पासून त्यांच्याशी पैसेही जोडलेले आहेत. वय, शिक्षण, स्वतःच्या प्रकृतीबद्दलचे मत, घरी बोलली जाणारी भाषा अशा बाबींसाठी गुणांची दुरुस्ती होते. वंशासाठी मात्र ती केली जात नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समजा एखाद्या रुग्णालयात कृष्णवर्णीय रुग्णांना खरोखरच वाईट वागणूक मिळते आणि म्हणून ते कमी गुण देतात. ‘हे लोक कमीच गुण देतात’ असे म्हणून ती उत्तरे दुरुस्त केली, तर हिशोब न्याय्य दिसेल, पण अन्याय आकड्यातून पुसला जाईल. आपल्याकडे उद्या कोणी जात किंवा धर्म यांसाठी अशी दुरुस्ती सुचवली, तर तिच्याकडे याच नजरेने पाहावे लागेल. माझ्या मते शिक्षणासाठी केलेली दुरुस्तीही पूर्ण निर्धोक नाही. कमी शिकलेल्या रुग्णाला कमी समजावून सांगितले जाते, हे त्या वॉर्डात मी आठ दिवस पाहिले आहे. म्हणून दुरुस्त केलेल्या एका आकड्यासोबत प्रत्येक गटाचे मूळ आकडे वेगळे छापले पाहिजेत.

आणखी एक गफलत दुरुस्तीनेही सुटत नाही: ज्याने उत्तरच दिले नाही त्याचे काय? आपल्या केसपेपरवर रुग्णाच्या नावापुढे जो मोबाइल नंबर असतो, तो पुष्कळदा रुग्णाचा नसतो. तो पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा असतो, जावयाचा असतो, गावातील आशाताईचा असतो. अभिप्रायाचा संदेश त्याच्याकडे जातो, आणि वॉर्डात एक रात्रही न काढलेला माणूस आकडा दाबतो किंवा संदेश पुसून टाकतो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब, डिस्चार्ज न घेता निघून गेलेला रुग्ण, दगावलेला रुग्ण, ही माणसे मोजणीत येत नाहीत. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारमधील पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी वा हिंदी संदेश वाचून पाच पर्यायांतून एक निवडायला सांगणे, हेही तिला मोजणीबाहेर ठेवण्यासारखेच आहे.

मग विचारावे कसे? यावर गेल्या तीन दशकांत बऱ्यापैकी एकमत झाले आहे: मत विचारू नका, घटना विचारा. स्कॉटलंडमधील पाच रुग्णालयांच्या रुग्णांवर क्रिस्पिन जेन्किन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ ९० टक्के रुग्णांनी आपण समाधानी असल्याचे सांगितले. त्याच रुग्णांना बारकाईने घटना विचारल्या, तेव्हा आपला रुग्णालयातील काळ ‘उत्कृष्ट’ होता असे म्हणणाऱ्यांपैकीही ५५ टक्क्यांनी विचारलेल्या बाबींपैकी १० टक्के बाबींत अडचणी आल्याचे नोंदवले. समाधानाशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो शरीराला मिळालेला आराम, मनाला मिळालेला आधार आणि रुग्णाच्या इच्छेचा राखलेला मान यांचा. वयाचा संबंध तिथेही होता, पण दुबळा. याचा अर्थ फार आशादायक आहे. पार्श्वभूमीमुळे उत्तरात फरक पडतो, पण रुग्णाशी कसे वागले जाते यामुळे त्याहून बराच जास्त फरक पडतो, आणि वागणे तर रुग्णालयाच्या हातात असते.

घटना विचारण्याचा फायदा मी त्याच वॉर्डात पाहिला. कागद घेऊन ती मुलगी गेल्यावर माझ्या आईने सहज विचारले, ‘मावशी, तुमची पट्टी रोज बदलली का हो?’ आजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सोमवारी बदलली. मंगळवारी डॉक्टर आले नाहीत. बुधवारी गॉज नव्हतं, नातू आणेपर्यंत दुपार झाली. एकही दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता. त्या फक्त मोजत होत्या. ज्या बाईला पाच पर्यायांतून आपली भावना निवडता येत नव्हती, तिच्याकडे आठ दिवसांची चोख नोंद होती. ‘पट्टी किती दिवस बदलली?’, ‘बाहेरून काय विकत आणावे लागले?’, ‘घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची हे कोणी सांगितले का?’, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारत होते?’ अशा प्रश्नांच्या उत्तरांवर कमी अपेक्षेचा, भिडेचा आणि कृतज्ञतेचा परिणाम पूर्ण टळत नाही, पण बराच कमी होतो.

दुसरा मार्ग म्हणजे एकट्या रुग्णाऐवजी गावाला विचारणे. महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात, २००७ पासून, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. राज्यपातळीवर तिचे समन्वयन पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होते. गावातील समिती प्राथमिक आरोग्य केंद्राची आणि उपकेंद्राची पाहणी करी, लोकांशी गटात बोलत असे, आणि प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरून प्रगतिपत्रक तयार करी. परिचारिका गावात येते का, औषधे मिळतात का, पैसे मागतात का, हे त्यात लिहिले जाई. ते पत्रक मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचले जाई आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागे. खाटेवरच्या एकट्या बाईला जी भीड वाटते, ती मांडवात शंभर माणसे मागे बसलेली असताना बरीच कमी होते. गटातही गावातील वजनदार माणसांचाच आवाज मोठा होण्याचा धोका असतो, म्हणून दलित आणि आदिवासी वस्त्यांत, तसेच बायकांशी वेगळे बसून बोलणे आवश्यक ठरते. अशा सुनावण्यांमध्ये ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असा प्रश्न कोणी कोणाला विचारत नसे. बाई माइक हातात घेऊन चिठ्ठी दाखवत आणि सांगत, ‘हे औषध दवाखान्यात फुकट मिळायला पाहिजे होतं, मी ते बाहेरून घेतलं. ही पावती.’